सायकलचे दिवे आणि वेग-अंतराचं मीटर : रोजच्या वापरातले अनुभव सांगा

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "दिवा किती ल्युमेनचा घेऊ?" ब्रँडच्या याद्या सगळीकडे मिळतात. इथे रोज ऑफिसला, क्लासला, मंडईत सायकलने जाणाऱ्यांनी लिहावं, काय टिकलं आणि काय कपाटात गेलं. सुरुवात मीच करतो.

कर्वेनगर, पुणे
माझं ऑफिस हिंजवडीला, परतताना अंधार. शहरात पुढचा दिवा मला रस्ता दिसावा म्हणून नाही, मी इतरांना दिसावं म्हणून लागतो. तिथे २०० ल्युमेन पुरतात. सेवारस्त्यावर खांबावरचे दिवे बंद असले की खड्डा वेळेत दिसायला ४०० तरी हवेत. पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. तो डांबरावर पडतो की समोरच्याच्या डोळ्यांत जातो, ते या आकड्यातून कळत नाही. स्वस्तातले '१००० ल्युमेन'वाले बहुतेक साधे टॉर्च असतात, निम्मा उजेड झाडांना.

म्युनिक
इथे हे कायद्यातच बसवलंय. पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला हवा, कारच्या लो बीमसारखा, आणि उजेड १० मीटरवर लक्समध्ये, म्हणजे त्या जागी प्रत्यक्ष किती पडतो त्यात, मोजतात. मान्यता मिळालेल्या दिव्यावर नागमोडी रेघ, 'के' आणि एक क्रमांक असतो. सायकलवर लुकलुकणारा दिवा चालत नाही. २०१३ पर्यंत साध्या सायकलींना डायनॅमो सक्तीचा होता, आता बॅटरीवाले चालतात. माझ्याकडे मात्र चाकाच्या हबमधला डायनॅमो आहे, ६ व्होल्ट ३ वॉट. चार्जिंगची आठवण ठेवायची नाही, हे सुख वेगळंच. सिग्नलला थांबल्यावरही दिवा थोडा वेळ तेवत राहतो, आत थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो म्हणून. भारतात येताना तसाच कापलेल्या झोताचा बॅटरीवाला दिवा भावासाठी आणला. गल्लीत समोरून येणारे आता त्याला शिव्या देत नाहीत, म्हणे.

सांगली
मी शाळेत शिक्षिका. सायकलला कॅरियर, त्यावर पिशवी, पावसात वरून पोंचो. सीटच्या नळीला लावलेला मागचा लाल दिवा या सगळ्यामागे दडतो, हे दुकानदार कधी सांगत नाही. मी तो कॅरियरच्या मागच्या पट्टीला बसवून घेतला. दिवसाही लावते, पावसाच्या सरीत मागून येणाऱ्या ट्रकला तोच दिसतो. पुढचा दिवा रबरी पट्ट्याचा घेतलाय, काढून पर्समध्ये टाकता येतो. स्टँडवर ठेवला तर राहत नाही.
मीटर नाही. घर ते शाळा अंतर मला पाठ आहे.

नेरूळ
ताई, तुमचं बरोबर, पण मीटरचा नाद लागला की सुटत नाही! माझं साधं वायरलेस मीटर, पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला (फोर्कला) सेन्सर, चाकाच्या आरीला चुंबक. पाम बीच रोडला संध्याकाळी दिवा लावला, की सिग्नलवर उभ्या सायकलचा वेग ताशी ६० किमी. दिवा बंद केला की शून्य. स्वस्त वायरलेस सेन्सरचा सिग्नल साधा असतो, जवळच्या एलईडीच्या सर्किटमधून येणारा गोंधळ त्यात मिसळतो. दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आणि प्रश्न मिटला. वायरवाल्या मीटरला ही भानगड सहसा नसते. ब्लूटूथ किंवा अँट प्लस (ब्लूटूथसारखीच एक बिनतारी पद्धत) वाल्यालाही नसते.

नाशिक
मीटर घेतलं तर चाकाचा घेर नीट भरा, निम्मे लोक कंपनीने भरलेलाच ठेवतात. ७०० बाय २८ (हे माप टायरवरच लिहिलेलं असतं) टायरला साधारण २१३६ मिमी, २६ बाय १.९५ ला २०५०. हा एवढा फरक २० किमीला ८०० मीटरची थाप मारतो. त्याहून बरं म्हणजे खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून चाक एक फेरा पुढे न्या आणि टेपने मोजा. बसूनच, कारण वजनाने टायर दबतं.
जीपीएसवाल्याला ही कटकट नाही, पण उंच इमारतींमध्ये आणि दाट झाडीखाली त्याचा वेग उड्या मारतो. फोन हँडलला लावण्याच्या मी विरोधात आहे. पावसाचे थेंब पडले की स्क्रीन स्वतःच बटणं दाबत बसते.

सातारा
आमच्या वेळी बाटलीचा डायनॅमो होता, टायरला घासून चालणारा. पाय जड व्हायचे आणि पावसात चाक घसरलं की उजेड गुल. दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचे. तो काळ परत नको. पण मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा आणि पेडलचे रिफ्लेक्टर नव्या सायकलवाले काढून टाकतात, ते मात्र मला पटत नाही. त्यांना ना सेल लागतो ना चार्जर, आणि वरखाली होणारं पेडल पाहून मागच्याला लगेच कळतं की पुढे सायकल आहे.

कर्वेनगर, पुणे
काका, पेडलचं एकदम मान्य. दिवा घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं, तो पाणी किती सोसतो त्याचा आकडा : आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या पावसाला ४ वालाही चालतो, चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण शाबूत असेल तर. ते झाकण सुटं मिळतं का कुठे?