शब्दचर्चा : समा, तकरार, हाल, मुकाम

विचारणा
फारसी सूफी कवी अत्तारच्या 'मन्तिक-उत-तैर' या पक्ष्यांच्या प्रवासाच्या काव्याची सचित्र आवृत्ती वाचताना सोबत कव्वाली ऐकते आहे. टिपांमध्ये समा, तकरार, हाल, मुकाम हे शब्द सारखे भेटतात. 'गायकाने समा बांधला' यातला समा तो हाच का? आणि कव्वालीत तकरार कसली?

प्रतिसाद १
समा हे दोन वेगळे शब्द आहेत. सूफींचा 'समाअ' अरबी, शेवटी ऐन हे अक्षर, अर्थ श्रवण. बांधला जातो तो 'समाँ', म्हणजे भारलेलं वातावरण. मराठीत दोघांचं रूप एकच झालं, म्हणून सूफींबद्दल लिहिताना 'समाअ' लिहिलेलं बरं. तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मौलवी परंपरेतला, म्हणजे सूफी कवी रूमीच्या अनुयायांचा, 'सेमा' म्हणजे हाच शब्द, तुर्की उच्चारातला. तिथे गिरक्या असतात म्हणून सेमाचा अर्थ 'नाच' असा दिला जातो, पण मूळ गोष्ट ऐकण्याची. रूमीच्या 'मसनवी' या काव्याचा पहिला शब्दच 'बिश्नो', म्हणजे 'ऐक'.

प्रतिसाद २
तकरार म्हणजे अरबीत पुनरावृत्ती. मराठीत तो शब्द गाऱ्हाण्यावर येऊन स्थिरावला, कव्वालीत मूळ अर्थानेच राहिला. मुख्य गायक ओळीचा एखादा तुकडा उचलतो, साथीदार टाळ्यांवर तोच घोळवतात, लय चढत जाते. गिरह वेगळी. तिच्यात दुसऱ्या काव्यातला, कधी दुसऱ्या भाषेतलाही शेर मध्ये गुंफून मूळ ओळीवर परत येतात. कानांना फरक कळतो तो शब्दांवरून: तेच शब्द फिरत राहिले तर तकरार, नवे शब्द येऊन मुखड्यावर उतरले तर गिरह. गिरहेचा शेर छापील कवितेत सापडणार नाही; त्यावरून गायकाचा पाठ चुकला असं समजू नका.

हालही तसाच. आपल्याकडे हाल 'होतात', सूफींकडे हाल 'येतो': आपसूक उतरणारी आणि ओसरणारी अवस्था. दर्ग्यातल्या महफिलीत एखाद्या ओळीवर कुणाला हाल आला, तर तो शांत होईपर्यंत कव्वाल ती ओळ सोडत नाहीत, असा संकेत आहे. तिथली तकरार निव्वळ अलंकार नसते. मुकाम मात्र साधनेने मिळवायचा आणि टिकणारा. अत्तारच्या काव्यातल्या पक्ष्यांच्या प्रवासाच्या सात टप्प्यांना अनुवादांत कधी 'मुकाम' म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचा शब्द 'वादी', म्हणजे दरी: तलब (शोध), इश्क (प्रेम), मारिफत (ज्ञान), इस्तिग्ना (निरपेक्षता), तौहीद (एकत्व), हैरत (विस्मय), फक्र-व-फना (दैन्य आणि विलय). दरी ओलांडायची असते, तिथे राहायचं नसतं.

प्रतिसाद ३
चित्रांबद्दल थोडं. फारसी पान उजवीकडून वाचायचं. दोन रकाने असले तर उजव्या रकान्यातला मिसरा (शेराचा अर्धा भाग), मग त्याच ओळीतला डावीकडचा. दोन्ही मिळून एक शेर. रकाना वरून खाली वाचत गेलात तर शेरच तुटतो. चित्राच्या अगदी आधीचा शेर पाहा, चित्रकार बहुधा त्याला धरून असतो. बहुधाच! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात या काव्याची 1487 ची हेरातची प्रत आहे. तिच्यात सुमारे 1600 साली इस्फहानमध्ये चित्रं घातली गेली. त्यातल्या हबीबुल्लाह या चित्रकाराच्या चित्रात हुदहुदासमोर (पक्ष्यांचा वाटाड्या) पक्षी जमलेत आणि वर कोपऱ्यात बंदूकधारी शिकारी आहे. बाराव्या शतकातल्या काव्यात बंदूक कुठून येणार? ती चित्रकाराच्या काळाची. अशा जागी काव्याचा अर्थ चित्रावरून लावू नये.

'मुरक्का' हा शब्दही टिपांत येईल. चित्रं आणि सुलेखनाचे तुकडे जोडून केलेला संग्रह तो मुरक्का, आणि सूफींचा ठिगळांचा झगाही मुरक्काच. दोन्हींत तुकडे जोडणं आहे.

विचारणा
आभार. 'सिमुर्ग' लिहावं की 'सीमुर्ग'?

प्रतिसाद २
सी दीर्घच. फारसीत सी म्हणजे तीस, मुर्ग म्हणजे पक्षी. काव्यात शेवटी उरलेले तीस पक्षी सीमुर्गाला, म्हणजे आपल्या राजाला, पाहायला जातात आणि त्यांना दिसतात ते स्वतःच, सगळा श्लेष त्या 'सी'वर उभा आहे. ऱ्हस्व लिहिलं तर वाचकाला तो दिसणारच नाही.