दुसरीचा आठवडा आणि न भरलेली वही
दुसरीतल्या मुलाच्या वहीत आठवडाभरात जेमतेम दोन पाने भरली, मग वर्गात शिकवले तरी काय, हा एका पालकांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे. परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीचा वर्ग घेत असल्यामुळे त्याचे उत्तर देऊन पाहतो.

आठवड्याचे पहिले दिवस बहुतेक तुराटीच्या काड्यांमध्येच जातात. दहा काड्यांना रबर लावून एक जुडी केली, की ३२ म्हणजे तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या. त्यातून १७ काढायचे म्हटले की सुट्या काड्या पुरत नाहीत, मूल क्षणभर अडते आणि मग स्वतःहून एका जुडीचा रबर सोडते. दशक सुटे करून वजाबाकी करणे म्हणजे नेमके हेच, आणि ते वहीत दिसत नाही. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारी मुले दरवर्षी असतातच, कारण बोलताना सात आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ उठला. उपाय पटो न पटो, अडचण मात्र खरी होती.

भाषेच्या तासाला जोडाक्षरे आणि गोष्टींचे वाचन चालते. शनिवारी सकाळची शाळा, कवायत आणि मातीकाम (काळ्या मातीचे बैल कोणी घरी न्यायचे, यावरून हमखास भांडण). ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचा भरही तिसरीअखेर मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, यावरच आहे. दिवाळीच्या सुमारास काही घरे ऊसतोडीला जातात आणि हा क्रम मध्येच तुटतो; ती मुले परतली की त्यांच्यासाठी आम्ही पुन्हा जुड्यांपासूनच सुरुवात करतो.