द स्टिंगचा शेवट: भारी की प्रेक्षकाची फसवणूक?

तिसरी घंटा:
परवा द स्टिंग परत बघितला, 1973 चा न्यूमन-रेडफर्डवाला हॉलिवूड सिनेमा. 7 ऑस्कर वगैरे ठीके, पण माझं मत पक्कं झालंय, शेवट चीटिंग आहे. (बघितला नसेल तर पुढे वाचू नका, सगळं फुटणारे.) 1936 चं शिकागो, लॉनेगन नावाचा डॉन ल्यूथर नावाच्या म्हाताऱ्या ठगाला मारून टाकतो, ल्यूथरचा चेला हूकर गोंडॉर्फ नावाच्या मुरलेल्या ठगाला गाठतो आणि लॉनेगनला लुटायला दोघं मिळून घोड्यांच्या बेटिंगचा अख्खा खोटा अड्डाच उभा करतात. इथपर्यंत एक नंबर. मग एफबीआयचा पोल्क हूकरला दमात घेतो, हूकर दोस्ताला विकायला तयार होतो, आणि शेवटी कळतं की पोल्कपण यांच्याच टोळीतला. म्हणजे हूकरला सगळं आधीपासून माहीत! मग आपल्यापासून का लपवलं? गद्दारीचा प्रश्नच नव्हता तर दोस्तीचा कस कुठे लागला?

खारी-चहा:
अजिबात पटलं नाही. हूकरला पकडून पोल्कसमोर आणतो कोण? स्नायडर, तो लाचखाऊ पोलीस. नाटक त्याच्यासाठी चाललंय, आपण नुसते बाजूला बसलोय. आणि शेवटी पोल्क अड्ड्यावर घालतो ती खोटी धाड काढून बघा, प्लॅनच कोसळतो. 5 लाख डॉलर गेल्यावर लॉनेगन गप्प घरी जाईल का? दोघांना शोधून मारेल. म्हणून गोळ्या, रक्त, दोघं मेल्याचं दिसायला हवं, आणि स्नायडरनेच घाबरून लॉनेगनला तिथून बाहेर काढायला हवं, पैसे आतच. एका धाडीत दोन्ही बकरे कापले. लेखक डेव्हिड वॉर्डला सलाम आहे माझा.

तिसरी घंटा:
प्लॅन म्हणून कबूल, पण मी गोष्ट कशी सांगितली त्याबद्दल बोलतोय. त्याच सिनेमात सलिनोचा धक्का बघा. हूकर जिच्यासोबत रात्र घालवतो ती वेट्रेस सलिनोच त्याला मारायला आलेली, आणि काळ्या ग्लोव्हवाला माणूस गोंडॉर्फने त्याच्या रक्षणासाठी लावलेला. ते हूकरलाही माहीत नसतं, म्हणून तो धक्का आपण त्याच्याबरोबर खातो. पोल्कच्या वेळी मात्र हिरोला माहीत आणि आपल्याला नाही, हा फरक मला खुपतो.

लास्ट लोकल:
माझी तक्रार वेगळीच, म्युझिक. सिनेमाभर वाजतं ते संगीतकार स्कॉट जॉप्लिनचं रॅगटाइम, म्हणजे जुन्या काळचं ठेकेदार पियानो म्युझिक. तो 1917 लाच वारला, मग ते 1936 च्या शिकागोत कशाला? तेव्हा स्विंग, म्हणजे नाचायचं जॅझ, जोरात होतं.

खारी-चहा:
लास्ट लोकल, काळाचं बरोबर आहे तुझं, पण त्या पियानोमुळेच एवढ्या खूनखराब्यातही सिनेमा हलका राहतो, मला तरी तो हवाच.

आणि घंटा, दोस्ती तूच सांगितलीस की! हूकरला पत्ता नसताना गोंडॉर्फने माणूस लावला आणि ते बोलूनही दाखवलं नाही. तोच गोंडॉर्फ म्हणतो की सूडात काही अर्थ नसतो, तरी ल्यूथरसाठी उतरतो. ट्रेनमधला पोकर आठव, दारुड्याचं सोंग घेऊन लॉनेगनच्या चार नव्व्यांवर चार गुलाम टाकतो आणि लॉनेगनला बोंब मारायचीही सोय नाही, कारण पत्ते त्यानेच लबाडीने लावलेले. एवढी रिस्क माणूस पैशासाठी घेत नाही.

तिसरी घंटा:
गोंडॉर्फबद्दल शंभर टक्के मान्य. पण मग हूकर? गोंडॉर्फने त्याच्यासाठी केलं, त्याने गोंडॉर्फसाठी काय केलं ते सांग. पोल्कचं प्रकरण खरं असतं आणि त्याने तिथे नकार दिला असता, तर मी आज भांडलोच नसतो.