मदत हवी आहे: लहान मुलांसाठी केलेली शॉर्टफिल्म त्यांना कळली की नाही हे तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी धुळ्याकडची, मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी तिसरी-चौथीच्या पोरांसाठी एक शॉर्टफिल्म केलीये, साडेसहा मिनिटांची. ५० मार्क फिल्मला आणि ५० मार्क ती मुलांना दाखवून तिचं मूल्यमापन करायला. फिल्मसाठी दोन महिने जीव काढला आणि दुसरं काम 'ते काय एका दिवसात उरकेल' म्हणून शेवटी ठेवलं, आता तेच अंगाशी आलंय.

गोष्ट थोडक्यात सांगते नाहीतर पुढचं समजणार नाही. एका मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, ती शेजारणीच्या वहीत बघून उतरवते पण कोणाला सांगत नाही, कारण पहिलीत असताना वर्गातल्या एका मुलाला 'चश्मिश चश्मिश' करून सगळ्यांनी रडवलेलं तिने बघितलेलं असतं (हा फ्लॅशबॅक). मग शाळेत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सरकारी आरोग्य तपासणी) टीम तपासणीला येते, तिला दवाखान्यात जायची चिठ्ठी मिळते, ती चिठ्ठी लपवते आणि घरची शेळी ती खाऊन टाकते. शेवटी ती स्वतःच आईला सांगते. शेळी स्क्रिप्टमध्ये नव्हती हो, शूटिंगच्या दिवशी तिने खरंच आमची चिठ्ठी खाल्ली, कॅमेरा चालू होता म्हणून ठेवलं.

तर गेल्या आठवड्यात एका झेडपी शाळेत दाखवली. ३८ मुलं. नंतर पाच चेहऱ्यांचा फॉर्म दिला, रडका ते एकदम हसरा, त्यातल्या एकाला गोल करायचा. ३६ जणांनी सगळ्यात हसरा निवडला, एकाने पाचही रंगवले, एकीने कोपऱ्यात सहावा काढला. गाइड खूष, म्हणे ९५ टक्के आवडली, लिही. पण मधल्या सुट्टीत मी पोरांशी सहज बोलत बसले तर निम्म्यांच्या तोंडी फक्त शेळी. तिचं नाव काय, चिठ्ठी खाऊन तिचं पोट दुखलं का. एका पोराने विचारलं, "ती धाकली कोन शे?" म्हणजे फ्लॅशबॅकमधली लहान मुलगी त्याला वेगळीच कोणीतरी वाटली! न विचारता चष्म्याचं नाव काढलं ते फक्त चौघांनी.

आता हे ९५ टक्के कोणत्या तोंडाने लिहू? सबमिशनला तीन आठवडे आहेत. फॉर्म चुकला की फिल्म चुकली? आणि आता नक्की काय करता येईल? कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

– चहाबिस्किट

गाडीसुटली: पाय चार्ट काढा, बाइंडिंग करा, मोकळे व्हा. एक्स्टर्नल रिपोर्टची जाडी बघतो, आतली शेळी नाही.

खडूफळा: गाडीसुटली, तुमच्यासारख्यांमुळेच आमच्याकडे दर महिन्याला फॉर्म घेऊन कोणीतरी उभं असतं :-)

चहाबिस्किट, मी एकोणीस वर्षं तिसरीला शिकवतेय. हसऱ्या चेहऱ्याला गोल करायचा म्हणजे सगळ्यात हसऱ्यालाच करायचा, तेच 'बरोबर उत्तर' असतं पोरांसाठी. पाहुणे आलेत, खाऊ आणलाय (आणला असणारच), गुरुजी मागे उभे आहेत, अशात कोण रडका चेहरा निवडेल? "कळलं का" ला "होऽऽ" म्हणायला तर ती अंगणवाडीतच शिकून येतात. तुमचं ते मधल्या सुट्टीतलं बोलणं आहे ना, तेच खरं मूल्यमापन झालं, ते फक्त वहीत नीट उतरवलेलं नाही.

मी काय करेन सांगते. त्या दिवशी कोण गैरहजर होतं ते विचारा. ज्याने फिल्म बघितली त्याला गैरहजर पोराला गोष्ट सांगायला लावा, तुम्ही बाजूला बसून ऐका, मध्ये बोलू नका. तुम्हाला सांगताना ते परीक्षा देतं, मित्राला सांगताना खरंखुरं सांगतं, आणि जे समजलेलं नसतं ते सरळ गाळतं नाहीतर मनाने जोडतं. दुसरं, फिल्ममधले सहा फोटो प्रिंट काढा, पिसून द्या, क्रमाने लावायला सांगा. फ्लॅशबॅकचा फोटो कोण कुठे लावतं ते बघाच.

कट_टू: मॅडमशी सहमत. मी बरीच वर्षं एडिटिंग करतोय, त्यातली काही शैक्षणिक व्हिडिओंवर गेली, म्हणून दोन गोष्टी.

एक, फ्लॅशबॅक. एवढ्या लहान पोरांना पडदा नुसता पांढरट केला की 'हे पूर्वीचं' असं कळत नाही, ते आपण सिनेमे बघून बघून शिकलेलो असतो. त्यात तुम्ही लहानपणीच्या रोलला दुसरी मुलगी घेतलीत, म्हणजे पोराच्या दृष्टीने गोष्टीत नवीन माणूस आला. त्याने विचारलं ते अगदी रास्त आहे. काढून टाका तो सीन, नाहीतर आजचाच प्रसंग करा, तिच्यासमोर आत्ता कोणीतरी चिडवतंय असा.

दोन, लक्ष मोजायचं असेल तर मुलांना विचारू नका, मुलांकडे बघा. सेसमी स्ट्रीट या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी १९६९ मध्ये कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून हेच केलं. टीव्हीच्या शेजारी दुसरा पडदा लावायचे, त्यावर दर साडेसात सेकंदांनी वेगळी स्लाइड, आणि पोराची नजर टीव्हीवरून कधी हटते त्याची नोंद ठेवायला माणूस बसवलेला. जिथे नजर हटली तो भाग दुरुस्त करायचा. तुम्हाला दुसरा पडदा लागणार नाही, झेडपी शाळेला खिडकी असते, बाहेरून ट्रॅक्टर जातो :-) एक मोबाइल मुलांच्या तोंडाकडे करून ठेवा, नंतर फिल्म शेजारी लावून दर दहा सेकंदाला किती जण पडद्याकडे बघतायत ते मोजा.

अवांतर: आपल्याकडेही हे नवीन नाही. १९७५-७६ मध्ये इस्रोने 'साइट' (SITE) नावाच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या २४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला (महाराष्ट्र त्यात नव्हता), सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी होता, आणि काही गावांत अभ्यासक मुक्कामाला राहून लोक काय बघतात, काय समजतात ते टिपत होते. गाइड 'हे संशोधन नाही' म्हणाले तर हे पुढे करा.

खडूफळा: मुलांचं शूटिंग करायचं तर आधी मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या बरं का. आणि ते फुटेज मोजण्यापुरतंच ठेवा, इन्स्टावर 'बिहाइंड द सीन्स' म्हणून टाकू नका.

चहाबिस्किट: खडूफळा मॅडम, कट_टू, खूप खूप आभार. परवानगी घेऊन आज परत गेले होते, त्याच शाळेत. (हो, खाऊ नेला होता पहिल्या वेळी, पार्ले-जी. आज नाही नेला, पोरं जरा नाराजच.)

११ मुलांना फोटो लावायला दिले. मुलगी, फळा, चिठ्ठी, शेळी, आई हे बहुतेकांनी बरोबर लावलं पण फ्लॅशबॅकचा फोटो ७ जणांनी सगळ्यात शेवटी ठेवला. का विचारलं तर एक मुलगी म्हणाली, ही तिची बहीण, आता हिलापण चष्मा लागणार. मी गपच बसले.

गैरहजर पोरं दोनच मिळाली. फिल्म बघितलेल्या पोरांनी त्यांना गोष्ट "चिठ्ठी खाल्ली" पर्यंत रंगवून सांगितली आणि तिथेच "संपली" म्हणून टाकलं, दोघांच्या बाबतीत तसंच. म्हणजे आमचा आईचा सीन, ज्यासाठी आम्ही तीन वेळा लाइट बदलला, तो कोणाच्या गोष्टीतच नाही! अजून एक, आम्ही डायलॉगमध्ये 'शेळी' लिहिलंय, पोरं घरी अहिराणी बोलतात, सगळे तिला बकरीच म्हणत होते. आईच्या तोंडी किती पुस्तकी भाषा घातलीये ते आज कानाला लागलं.

आता प्रश्न असा, शेळी काढू का? ग्रुपमध्ये भांडण चाललंय. आणि नवीन कट याच पोरांना दाखवला तर चालेल का?

कट_टू: शेळी काढलीत तर मी रडका चेहरा गोल करेन. तिलाच कामाला लावा. आत्ता ती चिठ्ठी खाते, पोरं हसतात आणि हसण्याच्या आवाजातच आईचा सीन सुरू होतो, मग ऐकणार कोण? खाल्ल्यावर चार-पाच सेकंद नुसती शांतता ठेवा, मग मुलीचा चेहरा. किंवा आई घरात येते तेव्हा शेळीच्या तोंडात अजून कागदाचा तुकडा आहे आणि आईच विचारते, हे काय खातेय ही? म्हणजे शेळीमुळेच बोलणं निघतं. पोरांचं लक्ष जिथे आहे तिथेच गोष्ट न्यायची, ते ओढून दुसरीकडे न्यायला जाऊ नका.

खडूफळा: त्याच पोरांना नको, त्यांना गोष्ट पाठ झालीये, सगळं बरोबरच सांगतील. शेजारच्या गावातली तिसरी बघा, आणि एका शाळेत जुना कट, दुसरीत नवा असं केलंत तरी दोन्हीकडे तेच सहा फोटो वापरा. रिपोर्टमध्ये टक्के लिहू नका, '११ पैकी ७' असंच लिहा, एवढ्या पोरांवर टक्के काढणं म्हणजे उगाच आव आणणं. चेहऱ्यांचा फॉर्मही फेकू नका, तो का फसला हे लिहायला दोन पानं सहज लागतील, गाइडना त्यांची जाडी मिळेल.

गाडीसुटली: बरं, मागे घेतो माझे शब्द. सहावा चेहरा कसला काढला होता त्या पोरीने?

चहाबिस्किट: फॉर्म परत काढून बघितला. चेहरा नाहीये तो, दोन शिंगं आहेत. बकरीच.

फ्लॅशबॅक उडवला, आता ५ मिनिटं ४० सेकंद झाली. आईचे डायलॉग ग्रुपमधल्या एकीच्या आजीकडून अहिराणीत करून घेतोय. आईचा सीन रविवारी परत शूट करायचाय, पण बकरी गाभण आहे, मालक म्हणतो तिला उन्हात उभी करणार नाही. तशीच दिसणारी शोधतोय, काळी आणि डावा कान पांढरा. साक्री बाजूला कोणाची असेल तर सांगा.