तीन व्हीएमवर क्लस्टर जुळत नाहीये, मदत हवी आहे (अर्जंट)

अर्धवट_नोड:
तीन व्हीएम (व्हर्च्युअल म्हणजे आभासी मशीन) केल्यात, डेटाबेस टाकला, तिन्ही मिळून एकच क्लस्टर व्हायला हवा, सर्व्हिस तिन्हीकडे चालू दिसते पण स्टेटस बघितलं की प्रत्येक मशीन फक्त स्वतःलाच दाखवतंय. कॉन्फिगमध्ये आयपी टाकलेत, फायरवॉल बंद आहे. उद्या टेस्टिंग सुरू करायचंय, पटकन सांगा काय राहिलंय

लॉगवाचक:
कुठला डेटाबेस? व्हीएम कशात? नेटवर्क कुठल्या मोडला? इथे कुणाला ज्योतिष येत नाही हो.

कंटेनरप्रेमी:
व्हीएम हव्यातच कशाला, डॉकर कंपोझची (व्हीएमऐवजी हलके कंटेनर चालवतं) एक फाईल लिहा आणि मोकळे व्हा.

अर्धवट_नोड:
कॅसान्ड्रा ४.१, व्हर्च्युअलबॉक्स, नेटवर्क आपोआप येतं तेच. डॉकर नकोय, एक मशीन मधेच बंद पाडून बघायचंय.

कंटेनरप्रेमी:
कंटेनर पण बंद पाडता येतो की.

लॉगवाचक:
आपोआप येतं ते नॅट, म्हणजे व्हीएमला फक्त बाहेर इंटरनेटवर जाता येतं. त्यात तिन्ही व्हीएमना १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो, मग एकमेकांना दिसणार कशा? नॅट राहू द्या, पॅकेज उतरवायला लागेल, पण दुसरं अडॅप्टर होस्ट-ओन्ली (व्हीएम आणि तुमचा कॉम्प्युटर यांचंच आतलं नेटवर्क) जोडा आणि १९२.१६८.५६ मधले स्थिर पत्ते द्या. कॉन्फिगमध्ये लिसन ॲड्रेस (ज्या पत्त्यावर बाकीचे त्याच्याशी बोलतात तो) ज्याचा त्याचा, सीड्समध्ये (सुरू होताना आधी कुणाला गाठायचं ती यादी) पहिल्या नोडचा, म्हणजे क्लस्टरमधल्या पहिल्या मशीनचा पत्ता, तिन्हीकडे तोच. लिसन ॲड्रेसला ०.०.०.० टाकू नका, चालत नाही. आधी पिंग, मग नोड आपसात बोलतात ते ७००० पोर्ट तपासा.

जुनाखोड:
सीड्समध्ये तिन्ही टाका, मी कायम तसंच करतो.

रिंगमास्टर:
रिकाम्या क्लस्टरला चालतं. पण सीड असलेला नोड बूटस्ट्रॅप करत नाही, म्हणजे भरलेल्या क्लस्टरमध्ये असा नवा नोड आला तर जुना डेटा न ओढताच सामील होतो आणि मग वाचताना रेकॉर्ड गायब, लोक डोकं धरून बसतात.

जुनाखोड:
प्रश्न रिकाम्याचाच आहे ना पण?

साधासरळ:
एवढ्याशा डेटाला पोस्टग्रेस पुरतं खरं तर.

लॉगवाचक:
डेटा किती ते त्यांनी सांगितलंय कुठे?

अर्धवट_नोड:
होस्ट-ओन्ली केलं, पिंग जातंय, ७००० ला टेलनेट लागतंय, तरी स्टेटसमध्ये एकटाच!!

रिंगमास्टर:
व्हीएम वेगवेगळ्या इन्स्टॉल केल्या की क्लोन?

अर्धवट_नोड:
क्लोनच, तीनदा कोण इन्स्टॉल करत बसणार. उबुंटू आहे.

रिंगमास्टर:
मग हेच. उबुंटूवर पॅकेज टाकलं की सर्व्हिस लगेच सुरू होते आणि डेटा फोल्डरमध्ये होस्ट आयडी (त्या नोडची ओळख) लिहिला जातो. क्लोन केल्यावर तोच आयडी तिघांकडे, त्यामुळे शेजारचा नोड बोलायला आला तरी कॅसान्ड्राला वाटतं हा तर मीच. तिन्हीकडे सर्व्हिस थांबवा, व्हार-लिबमधल्या कॅसान्ड्रा फोल्डरच्या आतलं सगळं उडवा, फोल्डर राहू द्या. आधी सीड चालू करा, तो स्टेटसमध्ये यूएन (चालू आणि नीट सामील) दिसला की दुसरा, मग तिसरा. रॅम किती दिलीय?

अर्धवट_नोड:
१ जीबी

रिंगमास्टर:
कॅसान्ड्रा जावावर चालतं, त्याचं हीपच (जावाची कामाची मेमरी) ५१२ एमबी घेतं, वर ऑपरेटिंग सिस्टीम, जावा मधेच मरेल. निदान २ करा, ४ जमलं तर उत्तम.

अर्धवट_नोड:
तिन्ही यूएन!! रॅम २ केली. पण एक मशीन बंद केलं तर काही क्वेरी चालतात, काही अनअव्हेलेबल म्हणतात, हे काय आता?

लॉगवाचक:
कीस्पेस (तुमचा डेटाबेस) करताना रेप्लिकेशन फॅक्टर, म्हणजे डेटाच्या किती प्रती ठेवायच्या तो आकडा, किती दिला?

अर्धवट_नोड:
१

लॉगवाचक:
मग बंद मशीनवरचा डेटा दुसरीकडे नाहीच. मशीन परत चालू करा, फॅक्टर ३ करा, प्रती जुळवायला रिपेअर चालवा, वाचन-लेखन क्वोरमला (बहुमताला) ठेवा, तिनातले दोन जिवंत असले की भागतं.

कंटेनरप्रेमी:
डॉकरमध्ये होस्ट आयडीची भानगड झालीच नसती.