किराण्याचे अंदाजपत्रक आणि अन्नाची नासाडी यांचा हिशेब एकत्र कसा ठेवावा?

नमस्कार,

आमच्या सहा माणसांच्या घरात किराणा, भाजीपाला आणि दूध यांची खरेदी आणि तिचा हिशेब माझ्याकडे आहे. महिन्याची रक्कम ठरलेली आहे आणि ती सहसा ओलांडली जात नाही. तरीही फ्रिज आवरताना जे टाकून द्यावे लागते ते पाहिले की जाणवते, आमची हिशेबाची वही किती सामान आणले एवढेच सांगते, त्यातले खाल्ले किती गेले हे सांगत नाही. ही दुसरी बाजू हिशेबात कशी आणावी, यासाठी मला आपली मदत हवी आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला ६० टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नव्हता, तर घरांचा होता. माणशी पाहिले तर घरातून वाया जाणारे अन्न वर्षाला ७९ किलो भरते. या आकड्यात साली, बिया, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, हे खरे. पण ते वजा केले तरी उरणारा भाग दुर्लक्ष करण्याइतका लहान नसावा, असे मला वाटते.

माझी मुख्य अडचण मोठ्या पाकिटांची आहे. समजा, मोठे पाकीट घेतल्याने एखादी वस्तू २० टक्के स्वस्त पडली आणि त्यातली १५ टक्के खराब होऊन टाकावी लागली, तर प्रत्यक्ष खाल्लेल्या वस्तूमागे बचत जेमतेम ६ टक्के होते. २० टक्के टाकावी लागली तर बचत शून्य, आणि त्यापुढे लहान पाकीटच स्वस्त. कोरडे धान्य, साखर, मीठ यांना ही भीती फारशी नाही. पण फळे, पालेभाज्या, दूध आणि पाव यांच्या बाबतीत सवलतीचा मोह धरावा की सोडावा, हे दर वेळी अंदाजानेच ठरते. टाकलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत खर्चाच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहायची, असा विचार मी करतो आहे. कोणी असा रकाना ठेवला आहे का? त्यात वजन लिहिणे सोयीचे पडते की किंमत? आणि घरातल्या इतरांना ती नोंद आपल्यावरची देखरेख वाटू नये, यासाठी काय केलेत? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण नोंद एकट्याने ठेवून उपयोग नाही.

साठवणुकीच्या काही गोष्टी आम्ही पाळतो. फ्रिजचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आत आणि फ्रीझरचे उणे १८ अंश ठेवतो. नवे सामान मागे आणि जुने पुढे लावतो. सफरचंद, केळी, टोमॅटो ही फळे पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्यामुळे पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून ती वेगळी ठेवतो. वेष्टनावरील तारखांमध्येही फरक करतो: ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख प्रामुख्याने चव आणि दर्जा यांविषयी असते, तर ‘यूज बाय’ सुरक्षिततेविषयी असते आणि ती उलटल्यावर तो पदार्थ आम्ही खात नाही. एवढे केल्यावर कच्च्या मालाची नासाडी बरीच आटोक्यात आली.

शिजवलेल्या अन्नाचे मात्र अजून जमलेले नाही. जेवायला नक्की किती जण असतील, हे स्वयंपाक सुरू होईपर्यंत अनेकदा कळत नाही आणि कोणी उपाशी राहू नये म्हणून थोडे जास्तच शिजते. शिजलेले अन्न टाकताना त्यावरचे इंधन, तेल आणि करणाऱ्याचे श्रमही वाया जातात. म्हणून माझ्या मते त्याची किंमत कच्च्या मालाहून जास्त धरली पाहिजे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ भांड्यातून फ्रिजमध्ये ठेवणे, तीन-चार दिवसांत संपवणे आणि खाताना वाफ येईपर्यंत नीट गरम करणे हे आम्ही करतो. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपतो, कारण त्यातल्या काही जिवाणूंनी बाहेर राहिलेल्या भातात तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पण उरलेले खाण्याचा कंटाळा घरात सर्वांनाच आहे, आणि तो समजण्यासारखा आहे.

आठवड्यातला एक दिवस नवी खरेदी न करता घरात असेल त्यावरच भागवायचे, असा नियम कोणी दीर्घकाळ पाळला आहे का? त्याने खर्च खरोखर कमी झाला, की दुसऱ्या दिवशीची खरेदी तेवढीच वाढली? तसेच ताज्या मालाची रक्कम महिन्याऐवजी आठवड्याची ठरवली तर हात आवरता राहतो का, की वारंवार दुकानात जाण्याने यादीबाहेरची खरेदी वाढते? घरात लहान मुले आणि वयस्कर माणसे दोन्ही असलेल्यांनी आपला अनुभव, फसलेले प्रयोग धरून, सविस्तर लिहिला तर फार उपयोग होईल.