आईच्या हाताची नस दबलीय, ऑपरेशन करावं का? नागपूर

संत्राबर्फी:
नमस्कार मंडळी. आई ५४ वर्षांची, महाल भागात घरीच ब्लाऊज शिवते, तीसेक वर्षं झाली. दीड वर्षापासून उजव्या हाताला मुंग्या येऊन राहिल्या, अंगठा आणि बाजूची दोन बोटं. रात्री दोन-तीनला उठते, हात झटकते, पलंगाखाली लोंबता ठेवते तेव्हा कुठे डोळा लागतो. आधी सगळे म्हणाले मानेचं आहे, मग मानेचा एक्स-रे झाला, गळ्याला पट्टा झाला, बी-ट्वेल्व्हच्या सुया झाल्या, ढिम्म फरक नाही. शेवटी धंतोलीत एकांना दाखवलं, त्यांनी दोन्ही हात उलटे जोडून मनगटं वाकवून धरायला लावली तर अर्ध्या मिनिटात मुंग्या सुरू. मग शॉक देऊन नस किती चालते ते पाहतात ती एनसीव्ही तपासणी केली. रिपोर्ट आला सिव्हिअर कार्पल टनल, म्हणजे मनगटात नस खूपच दबलीय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाका.
आता घरी गोंधळ. मामा म्हणतात नसेला चाकू लागला की हात गेला समजा. आत्याने कुठलंतरी तेल आणून दिलं. आणि आई म्हणते लग्नसराईच्या ऑर्डरी घेतल्यात, उन्हाळ्यानंतर पाहू, तसंही आता दुखणं कमीच झालंय, फक्त बधिर वाटतं आणि हुक लावताना सुई हातातून पडते. कमी होतंय तर थांबायला हरकत नाही ना? थायरॉईड आहे तिला, गोळी चालू आहे. कोणी केलंय का हे ऑपरेशन?

तर्रीपोहे:
मी केलंय, दोन्ही हातांचं. मामांना सांग नस कापतच नाहीत बाप्पा! मनगटात खाली हाडं आणि वरून एक जाड चिवट पट्टी, मधल्या बोळकांडीतून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. जागा आवळली की चिरडते बिचारी नसच. ऑपरेशनमध्ये कापतात ती वरची पट्टी, नस मोकळी होते, बस.
मला फक्त हातच बधिर केला होता, पूर्ण जागी होते, डॉक्टर आणि सिस्टर भाजीच्या भावावर बोलून राहिले होते आणि मी पण त्यात दोन शब्द टाकले. वीसेक मिनिटं लागली. सगळ्यात जास्त दुखलं ते दंडाला रक्त थांबवायला पट्टा फुगवतात ना, ते. संध्याकाळी घरी. त्या रात्री सवयीने तीनला उठले आणि मुंग्याच नाहीत, मग उगाच जागी पडून राहिले. टाके बाराव्या दिवशी निघाले.
पण गोडगोड सांगत नाही, तळहाताच्या बुडाशी दोन-तीन महिने ठणकतं. भाकरी थापता येत नाही, हात टेकून उठता येत नाही. आणि दोन्ही हात एकदम करू नका, परकराची नाडी कोण बांधेल 😄 मी दुसरा तीन महिन्यांनी केला.

रामटेककर७२:
आमच्या काकांनी केलं होतं, काही फायदा नाही. बोटं अजूनही बधिरच. पैसे गेले फक्त. मालिश करा, योगा करा.

फिजिओ_ताई:
रामटेककर, काकांनी किती वर्षांनी केलं ते पण सांगा. माझ्याकडे असे खूप येतात, पाच-सात वर्षं तेल चोळून झालं की मग ऑपरेशन, आणि मग म्हणतात उपयोग नाही. पट्टी कापल्यावर दाब जातो, पण जी नस आतून सुकून गेली ती सगळी परत येईलच असं नाही. अशा वेळी ऑपरेशन पुढचं नुकसान थांबवायला करतात.
संत्राबर्फी, मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची. दुखणं कमी होऊन नुसतं बधिर राहणं हे बरं होणं नाही, उलट आहे. नस ओरडायची बंद झालीय, म्हणजे थकलीय. आज एक करा, आईचे दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून उजेडात पाहा. अंगठ्याच्या बुडाशी जी गुबगुबीत गादी असते ती उजवीकडे बसलेली, खोलगट दिसते का? दिसली तर उन्हाळ्याची वाट पाहू नका. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, स्टेरॉइडचं इंजेक्शन, हे सौम्य केसमध्ये ठीक, सिव्हिअरमध्ये त्यावर वेळ काढायचा नाही. थायरॉईडची आणि शुगरची तपासणी परत करून घ्या, दोन्हीमुळे हा त्रास वाढतो.
वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, करंगळी आणि तिच्या बाजूचं अर्धं बोट बधिर असेल तर ती नस वेगळी, कोपरामागून जाते, कोपर आपटलं की झिणझिणते तीच. ती जाड लागत असेल आणि अंगावर कुठे बधिर चट्टा असेल तर आपल्या विदर्भात कुष्ठरोगाची तपासणी आधी करायची, लाजायचं नाही, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. आनंदवन आपल्यापासून काही लांब नाही, तरी लोक लपवतात.

सक्करदरा_एक्स्प्रेस:
माझी केस वेगळी आहे पण सांगतो, कारण आमच्याकडे नस खरंच कापली होती. संक्रांतीच्या आठवड्यात गाडीवर जाऊन राहिलो होतो, पोट्टे पतंग उडवून राहिले होते, मांजा गळ्याला लागेल म्हणून हात आडवा घातला, मनगट चिरलं. नायलॉन मांजावर २०१७ पासून एनजीटीची (राष्ट्रीय हरित लवादाची) बंदी आहे म्हणे, पण सापडतो तो बरोबर. पहिल्या ठिकाणी वरची कातडी शिवून घरी पाठवलं, बोटं हलवून पाहा असं पण कोणी म्हटलं नाही. तीन आठवड्यांनी पाहतो तर करंगळी पंजासारखी वाकलेली आणि तिला काही कळतच नाही.
मग दुसरीकडे ऑपरेशन. तोवर कापलेली टोकं मागे सरकली होती, ताणून जोडली तर तुटतात, म्हणून पायाच्या घोट्यामागची एक नस काढून मधे जोडली. मायक्रोस्कोपखाली, केसापेक्षा बारीक धाग्यानं. पायाची बाहेरची कड अजून बधिर आहे, चप्पल निसटली तरी कळत नाही, पण चालायला काही अडचण नाही.
आणि मग वाट पाहायची. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम इंच. डॉक्टर तळहातावर बोटानं ठोकत ठोकत जायचे, जिथे करंट लागला तिथपर्यंत नस पोचली. मी घरी पेनानं खूण करून ठेवायचो, महिन्याभरानं बायको ठोकून पाहायची, थोडी पुढे सरकली की आमच्याकडे त्या दिवशी जिलेबी. मधे एकदा गरम चहाच्या गिलासानं करंगळी भाजली, फोड आल्यावर कळलं. आता सव्वा वर्ष झालं, कळतं पण अर्धवट, थंडीत फार ठणकते. तिथे लवकर गेलो असतो तर सरळ टोकाला टोक शिवून झालं असतं, आणि स्नायू पण जास्त परत आला असता, कारण दीडेक वर्ष नस पोचली नाही तर स्नायू मग तिला ओळखतच नाही. तुमच्या आईची नस तर अख्खी आहे, नुसती दबली आहे. काहून थांबून राहिले?

संत्राबर्फी:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. दोन प्रश्न, हाडांचे डॉक्टर की प्लास्टिक सर्जन? आणि दुर्बिणीने केलेलं चांगलं का?

फिजिओ_ताई:
दोघंही करतात, हाताचंच काम जास्त करणारा पाहा, महिन्यात अशी किती करता हे विचारायला लाजू नका. दुर्बिणीने केलं तर कामावर थोडं लवकर परतता येतं, नंतर जाऊन दोन्ही सारखंच. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. मशीन मात्र तीन-चार आठवडे नाही, कैची त्याहून उशिरा.

संत्राबर्फी:
अपडेट. काल रात्री ट्यूबलाइटखाली दोन्ही हात ठेवून पाहिले. उजवीकडे खड्डा आहे. आईने स्वतःच बोट फिरवून पाहिलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग वही काढून तीन ऑर्डरी शेजारच्या काकूंना देऊन टाकल्या. पुढच्या मंगळवारी करतोय, मामा पण येणार आहेत सोबत. तर्रीपोहे ताई, आई विचारून राहिलीये की डाव्या हाताने तुरपाई जमते का, तुम्ही करून पाहिली होती का?